गोमाकाकाला हळदीचं बोलावणं

माझ्या हळदीच्या दिवशी मला न्हाऊ घालायला जी बादली आणली, तिला खालून भोकं होती. सगळ्या मांडवाला ते ठाऊक होतं. मलाच ध्यानात न्हाय आलं, कारण मी उघड्या अंगानं पाटावर बसलो होतो, तोंडाला हळद होती, आणि शेलार गावात आपल्यासारखा देखणा पोरगा झाला न्हाय असं मला त्या दिवशी वाटत होतं. एवढा एकच दिवस वाटलं, पुन्हा न्हाय वाटलं. पण ती बादली का आली, हे सांगायचं तर आधी गोमाकाका सांगायला लागेल, आणि गोमाकाका सांगायचा तर खाडीपासून सुरुवात करायला लागेल.

मी बोलतोय आणि माझी नात लिहितेय. मला लिहिता येत न्हाय. सही येते, पण ती दरवेळी वेगळी येते म्हणून बँकवाले अंगठाच घेतात. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो आणि दुसरी मला एवढी आवडली की तिथंच राहिलो. शेवटी मास्तर बाबाला बोलले, "पांडू, पोराला घेऊन जा, बाक तरी मोकळं होईल." बाबानं मला बाकावरून उठवला आणि इस्माईलचाचांच्या कापडाच्या कारखान्यात कांड्या भरायला बसवला. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात जी सुताची गुंडाळी जाते ती. एवढंसं काम. तेसुद्धा मी असं केलं की चाचा माझ्याकडं बघून डोक्यावरची टोपी काढायचे, पुन्हा घालायचे आणि बोलायचे, "या अल्ला, ह्याला ठेवू तरी कुठं."

चाचांचा कारखाना आणि आमचं घर, मधी एकच भिंत. एका बाजूला लूम, दुसऱ्या बाजूला आमची चूल. सकाळपासून खटाखट खटाखट, भिंतीवरची देवाची तसबीर सारखी हलायची, भाताच्या टोपावरचं झाकण आपोआप वाजायचं. ह्याच्यामुळं झालं काय, आमच्या आळीत हळू बोलायची पद्धतच न्हाय राहिली. मीठ दे, हे पण ओरडून. कोणाची सून कोणाशी भांडली, हे पण ओरडून, कानाला तोंड लावून. बाहेरच्याला वाटायचं ह्या घरात रोज मारामारी चालते. आणि भिवंडीतली लाइट तर तुम्हाला ठाऊक हाय. कधी जाईल सांगता यायचं न्हाय. ती गेली की सगळे लूम एका झटक्यात गप. मग ज्याचं तोंड त्या वेळेला उघडं असेल त्याचं शेवटचं वाक्य सगळ्या गावाला ऐकू जायचं. आमच्या आळीत लग्नं जमली ती त्यामुळं, मोडली ती पण त्यामुळं. माझी बायको अजून सांगते, बघायला गेलो तेव्हा मी काय बोललो ते तिला त्यांच्या शेजारच्या लूमच्या आवाजात ऐकूच आलं न्हाय, म्हणून हो बोलली.

आई मला आठवत न्हाय, मी लहान असतानाच गेली. मला वाढवला हिराकाकीनं. हिराकाकी म्हणजे माझ्या बाबाच्या धाकट्या भावाची, गोमाकाकाची बायको. तिला मूलबाळ झालं न्हाय, झाला तो मी. उंच बाई, हाताचे पंजे पुरुषासारखे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सकाळी खाडीवर जायची आणि चिखलातून निवट्या धरून आणायची. निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, भल्याभल्यांच्या हाताला लागत न्हाईत. हिची टोपली भरायची. मग आंबट घालून त्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि पावसाळ्यात काहीच न्हाय मिळालं तर चुलीत भाजलेला सुका बोंबील आणि कांदा. त्या बोंबलाचा वास आला की भिंतीपलीकडून चाचा ओरडायचे, "हिराबाय, मशीन बंद पडेल, एक इकडं पाठव."

गोमाकाका मला थोडाच आठवतो. ओले केस आठवतात. तो रेतीच्या होडीवर डुबी मारायचा. आता सक्शनचे पंप आले, तेव्हा माणूसच पंप होता. बादली घेऊन खाडीच्या तळाला जायचं, रेती भरायची, वर यायचं. बादलीला खालून भोकं असायची, म्हणजे वर येताना पाणी निघून जातं आणि रेती तेवढी राहते. गोमाकाका खाली गेला की वरच्या माणसांच्या विड्या विझायच्या पण तो यायचा न्हाय. लोक घाबरायचे, हाका मारायचे, आणि हा दुसऱ्याच होडीच्या पलीकडून डोकं काढून विचारायचा, "कोनाला शोधतांव रं?" हिराकाकीला लग्न झाल्यावर त्यानं असंच किनाऱ्यावर उभी करून घाबरवलं. ती रडत घरी निघाली, तर हा तिच्या आधी घरी येऊन ओटीवर भाकर खात बसलेला. तेव्हापासून ती त्याच्यासाठी घाबरायची बंद झाली. हे ध्यानात ठेवा.

मी पण एकदा काकासारखी डुबी मारायला गेलो. ओहोटी होती, हे मला कोणी सांगितलं न्हाय. मी पाण्यात न्हाय गेलो, चिखलात गेलो, डोक्याकडून. काकीनं मला पाय धरून उपटला. घरी आणून धुतला आणि बोलली, "तुझा काका मासा, तू निवटी पण न्हायस."

पुढं काका फौजेत गेला. कल्याणला भरती होती, तिथं साहेबानं विचारलं पोहता येतं का, तर हा हसायलाच लागला. त्याला पूल बांधणाऱ्या पलटणीत घातला. नदीवर होड्या जोडून वरून पूल टाकायचा, रणगाडे गेले की पुन्हा उचलायचा. मग लढाई लागली आणि त्याला पूर्वेकडं, बंगालच्या मोठ्या नद्यांवर नेला. लढाई संपली, आपण जिंकलो, धामणकर नाक्याला पेढे वाटले. आणि आमच्याकडं तार आली की गोमा बेपत्ता हाय.

काही महिन्यांनी त्याचा पलटणीतला जोडीदार, पडघ्याचा एक माणूस, घरी आला. ओटीवर बसून त्यानं सांगितलं. नदीला ओढ होती, पुलाच्या मधल्या होडीचा दोर सुटला, वरून गाड्या चाललेल्या. गोमानं दोर दातात धरला आणि खाली गेला. दोर बांधला गेला, कारण पूल टिकला, सगळ्या गाड्या पार झाल्या. गोमा वर आला न्हाय. दोन दिवस शोधला. बाबा खाली बघून ऐकत होता. हिराकाकीनं एवढंच विचारलं, "तिथं पानी किती खोल?" त्यानं सांगितलं. काकी बोलली, "एवढंच ना? आपल्या खाडीत ह्याच्यापेक्षा जास्त हाय." आणि उठून त्याला चहा ठेवला.

तिचं कुंकू तसंच राहिलं. फौजेचे लोक काही वर्षांनी आले, आता गेला असं समजा, पेन्शन चालू करू बोलले. तिनं त्यांना पण चहा दिला आणि पाठवून दिलं. घरी बसून कांड्या भरायची, निवट्या विकायची. काकाची ती भोकाची बादली पडवीत खुंटीला टांगलेली होती, तिला दर सणाला खोबरेल लावायची, गंजू नये म्हणून. कोणी काय विचारलं तर बोलायची, "डुबी मारलीय त्यानं. येईल वर."

मी मात्र काकाला नाक्यावर विकून खाल्ला. धामणकर नाक्याच्या चहाच्या टपरीवर मी त्याच्या लढाईच्या गोष्टी सांगायचो आणि कटिंग फुकट प्यायचो. आधी त्याच्या हातात रायफल होती. मग मशीनगन आली. एका पावसाळ्यात लूम बंद होते, चहा जास्त लागत होता, तेव्हा त्यानं पाण्याखालून जाऊन रणगाडा उलटा केला. ही गोष्ट फिरत फिरत शेलारला काकीपर्यंत पोचली. ती भाकरी थापत होती. मला वाटलं आता उलथणं येतंय. ती पिठाकडं बघतच बोलली, "बाल्या, एवढा मोठा नको करूस त्याला. आला म्हंजे घरात मावला पायजे." त्यानंतर मी चहाचे पैसे द्यायला लागलो.

आता मधली अडचण सांगतो. आमच्याकडं हळदीला धवलारीण येते. ती लग्नाचे धवले गाते, धवले म्हणजे आमची लग्नातली गाणी, आणि भटजीच्या आधी तिचा मान. ती आधी देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते. मग घरातले जे गेले त्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि प्रत्येकाच्या नावानं एक पान मांडते. कोणाला सोडत न्हाय. आमचा एक चुलत आजोबा दारू पिऊन स्वतःच्या विहिरीत पडला होता, त्याचंसुद्धा नाव येतं आणि पान मांडतात. आणि जे जिवंत हायेत ते उठून येतात, नवऱ्याला हळद लावतात. म्हणजे घरातला प्रत्येक माणूस इथं तरी, न्हायतर तिथं तरी. माझ्या मोठ्या बहिणीच्या हळदीला गोमाकाका कुठंच आला न्हाय. गेलेल्यांत त्याचं नाव घेतलं न्हाय, कारण हिराकाकी समोर कुंकू लावून बसलेली. आणि हळद लावायला तो यायचा कुठून. बाबा त्या दिवशी जेवला न्हाय. ओटीवर बसून मला बोलला, "विहिरीत परला त्याला पान, आनि माझ्या भावानं दातानं पूल धरला, त्याला काय न्हाय."

माझं लग्न ठरलं तेव्हा हे पुन्हा वर आलं. बाबाला भावाचं नाव मांडवात घ्यायचं होतं, पानासकट, मानासकट. पण गेलेल्यांत नाव घेतलं की काकी त्याच घटकेला, भर मांडवात विधवा. आणि तेव्हा आमच्याकडं विधवेचा हात हळदीला लावून घेत न्हायत. मला आई न्हाय. पहिली हळद लावायची ती काकीनं. म्हणजे काकाला मान द्यायचा तर काकीला पाटावरून उठवायचं. बाबा चांगला माणूस होता, त्यानं हे काकीला कधी विचारलं न्हाय, विचारणार पण नव्हता. ती त्याला दादा म्हणायची, तो तिच्याकडं मान वर करून बोलायचा न्हाय. आतल्या आत कुढत बसला. मी त्याला बोललो, "बाबा, मी लग्नच न्हाय करत." तो बोलला, "तू गप. एक तर मोठ्या मुश्किलीनं पोरगी भेटलीय."

हळदीचा दिवस. दिवस कलायला आला होता. अंगणात मांडव, आंब्याचे टाळे, मागं मोठ्या कढईत वडे तळत होते, मटणाला फोडणी पडली होती. भिंतीपलीकडं लूम चालूच. चाचांनी सांगितलं होतं, माल द्यायचाय, मगरिबच्या नमाजाला बंद करतो. आमचं काही अडत न्हव्हतं, आम्हाला सवय. मी पाटावर. शेजारी काकी, हिरवं लुगडं, मांडीवर हळदीची वाटी. समोर धवलारीण जनाबय, म्हातारी, तोंडात तंबाखू, आवाज असा की लूमच्या वर चढायचा. देव बोलावून झाले. गावदेवी झाली. आता पितरांची पाळी. तिनं पानं पुढं ओढली.

तेवढ्यात बाबा मांडवाच्या खांबाकडून उठला आणि जनाबयच्या मागं जाऊन बसला. तिच्या कानाला तोंड लावलं. मला दिसत होतं, ऐकू येत न्हव्हतं. बाबाच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या, म्हणजे जोरात सांगत होता, लूमवर मात करून, फक्त तिच्यापुरतं.

आणि लाइट गेली.

"...गोमा मेलाय गो, मना ठाव हाय तो मेलाय, नाव घे त्याचं!"

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. बाबाचं तोंड उघडंच राहिलं. ज्या माणसानं काकीसमोर इतकी वर्षं एक शब्द काढला न्हाय, त्याचं ते एकच वाक्य पार नदीपर्यंत गेलं असेल. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक आत्या उठायला लागली, मला कळलं ती कशाला उठतेय, काकीच्या मांडीवरची वाटी घ्यायला. काकी हलली न्हाय. वाटीवर दोन्ही पंजे ठेवून बसली होती, आणि बांगड्या वाजत होत्या. मी काय केलं? मी नवरदेव, माझ्या हातात सुपारी आणि कट्यार. मी ती सुपारी तोंडात टाकली. घाबरलो की मी काहीतरी खातो.

जनाबयनं तंबाखू थुंकली. पानाला हात लावला न्हाय. आत्याकडं बघून बोलली, "बस खाली. माझं गानं व्हयाचं हाय." मग डोळे मिटले. आमच्या धवल्यांत एक निरोप्या असतो. लांबच्या पाहुण्यांना, मामाला, आत्याला आणायला धवलारीण त्याला गाण्यातून पाठवते, अमुक गावाला जा, तमुक दारात उभा राहा. तो भाग पितरांच्या नंतर येतो. तिनं तो आधी घेतला, आणि निरोप्याला होडीत बसवून खाडीत सोडला. लूम बंद, पंखे बंद, आणि तिचा तो एकटा आवाज.

"जा रं निरोप्या, होरी सोर खारीला,
खारीशी नदीला, नदीशी मोठ्या पान्याला.
तिथं गोमा डुबी मारून बैसला, त्याला हाक दे,
सांग तुझ्या बाल्याला हलद लागते, मांडवी ये."

असं गाणं कोणी कधी ऐकलं न्हव्हतं. मागच्या बायांनी ओळ उचलायची असते, त्या उचलायच्या विसरल्या. जनाबय थांबली. निरोप्या जायला वेळ लागतो, म्हणून थांबली असेल. का पुढचं सुचत न्हव्हतं, देव जाणे. मग निरोप पोचवून निरोप्या गाण्यात परत आला.

"गोमा बोलला येऊ कसा, दाती दोर, खांदी पूल,
पुलावरशी पोरं चालली, कोना कोना आयची पोरं.
हात सोरीन त पोरं बुरतील, थांबू नका माझ्यासाठी,
माझ्या वाट्याची हलद माझ्या हिराच्या हातानं लावा."

बाबा खांबाला डोकं टेकून रडत होता, आवाज न्हाय, नुसतं अंग हलत होतं. काकीनं पदरानं नाक पुसलं. आत्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं. मग वाटीत हात घातला आणि माझ्या तोंडाला हळद लावली. एकदा लावली. मग पुन्हा लावली आणि बोलली, "ही त्याच्या वाट्याची." त्याच्या वाट्याची तिनं एवढ्या जोरात लावली की ती सुपारी माझ्या घशात गेली. मी खोकायला लागलो, लोकांना वाटलं नवरदेवाला भरून आलं. चार बाया मला बघून रडल्या.

लाइट न्हाय म्हणून चाचा कारखान्यातून बाहेर आले होते. मांडवाच्या कडेला कामगारांसोबत उभे, अंगाला कापसाचे तंतू, टोपी हातात. ते हळूच बोलले, पण आता हळू बोललेलं पण सगळ्यांना ऐकू येत होतं.

"जनाबय, ती होडी परत आली का, का अजून तिथंच हाय?"

"का वो शेठ?"

"आमचे अब्बा. मोठ्या लढाईत बोटीवर होते, भट्टीत कोळसा मारायला. बोट गेली. कबर न्हाय, कुछ न्हाय. शब-ए-बरातला सगळे कब्रस्तानात जातात, मी खाडीवर जाऊन फातिहा पढतो. नदीपर्यंत जातेच हाय तर जरा पुढं समुद्रात जाऊ दे. सांग, पोराच्या कामगाराचं लगीन हाय. काम काही करत न्हाय तो, पण कामगार हाय."

जनाबयनं विचारलं, "नाव कं त्यांचं?"

"हुसेनमियां."

आणि तिनं होडी पुढं सोडली. हुसेनमियांनी काय निरोप दिला ते मी सांगत न्हाय, ते चाचांचं हाय. चाचांनी टोपी घातली आणि बराच वेळ खाडीकडं तोंड करून उभे राहिले. नंतर येऊन माझ्या खांद्याला बोट लावलं, हळदीचं. बोलले, "अब्बाकडून. उद्या सुट्टी, परवा ये."

मग न्हाणं. काकी उठली आणि पडवीत जाऊन खुंटीवरची ती बादली काढून घेऊन आली. त्या घटकेला तिला कोण बोलणार. तिनं विहिरीवर बादली भरली आणि तोऱ्यात चालत मांडवाकडं निघाली. सगळं गाव बघतंय, मागं अंगणभर पाण्याची धार. माझ्या डोक्यावर उलटी केली, तर माझ्या टाळूवर टपकन एक थेंब पडला. मी वर बघितलं. काकीनं बादलीत बघितलं. आणि ती हसायला लागली. मी तिला एवढी हसताना कधी बघितली न्हव्हती, बादली पोटाशी धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी. "त्याचीच बादली," ती बोलली, "पानी सोडून देते, रेती धरून ठेवते." बाबा पण हसला, रडता रडता. तेवढ्यात लाइट आली, सगळे लूम एकदम सुरू झाले आणि मग कोण हसतंय, कोण रडतंय, कोणालाच ऐकू आलं न्हाय. मला न्हाऊ कोणी घातलंच न्हाय. मी दुसऱ्या दिवशी तसाच पिवळा लग्नाला गेलो. सासरे सासूला बोलले, "पोराला कावीळ न्हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काकीसमोर उभा राहिला. पहिल्यांदाच मान वर करून. "हिरा, काल माझ्या तोंडातशी..."

काकी चहा गाळत होती. "लाइट गेली, त्यात तुमचा काय दोष, दादा," ती बोलली. विषय संपला.

बादली खुंटीवर पुन्हा गेली न्हाय. काकीनं तिच्यात माती भरली आणि अबोली लावली. भोकं होती, झाडाला बरी. अबोली अशी फुलली की आळीतल्या सगळ्या पोरींच्या वेण्या तिच्यातून व्हायच्या. आणि त्यानंतर आमच्या घरातच न्हाय, आख्ख्या आळीत कोणाचीही हळद असली तरी जनाबय निरोप्याला गोमाकाकाकडं पाठवायची. दरवेळी तो तेच सांगायचा, हात गुंतलेत, थांबू नका. पोरांना वाटायचं हा कोणी देवच हाय.

काकी गेली तेव्हा माझी पोरं शाळेत जात होती, माझ्यापेक्षा पुढं गेलेली, म्हणजे तिसरीच्या वर. तापानं गेली, चार दिवसांत. बाया जमल्या आणि पुन्हा तोच घोळ. हिला न्यायची कशी? कुंकू पुसायचं का ठेवायचं? लुगडं कुठलं? बाबा तेव्हा पार म्हातारा, डोळ्याला दिसत न्हव्हतं, कोपऱ्यात घोंगडीवर बसलेला. तिथून बोलला, "हिरवं नेसवा. फुलं घाला. नवरा हाय तिचा." कोणीतरी बोललं, "पन दादा, तुम्हीच त्या दिवशी..." बाबा बोलला, "त्यानं सोताच सांगितलंय ना, हात गुंतलेत म्हनून. मेला असं कोन बोललं?" चाचांनी कोणी न सांगता लूम बंद केले. भर दुपार, वीज होती, आणि सगळे लूम गप. कुंकू, हिरव्या बांगड्या आणि त्या बादलीतली अबोली, अशी गेली काकी.

पुढच्या वर्षी भाचीची हळद होती. जनाबय आता काठी घेऊन आली. गाण्याआधी तिनं मला जवळ बोलावलं. "बाल्या, आता कं गाऊ? हिराचं पान मांडू?"

मला कोणी कधी काही विचारत न्हाय. भात कच्चा हाय का, हे पण विचारत न्हाईत. मी घाबरून खायला काही बघत होतो, मिळालं न्हाय, म्हणून बोलून गेलो, "पान कशाला? तू निरोप्या पाठव ना. ती पण तिथंच असेल."

जनाबयनं काठी बाजूला ठेवली. तिनं निरोप्याला पाठवलं. तो गेला, खाडीतून नदीला, नदीतून मोठ्या पाण्याला. आणि परत येऊन सांगितलं, एका टोकाला गोमानं दोर धरलाय, दुसऱ्या टोकाला हिरानं धरलाय, पुलावरून पोरं चाललीत. दोघं बोलली, आमची वाट बघू नका, हळद वाळेल, लावून घ्या.

आता जनाबय न्हाय, चाचा न्हाईत, लूमच्या जागी गोदाम झालंय. आणि हळदीला डीजे असतो. त्या डीजेनं आमची नवीन भिंत हलते, आमच्या लूमनं जुनी पण एवढी हलत न्हव्हती. कोणाला काही ऐकू जात न्हाय. तरी आमच्या घरची हळद असली की बरोबर हळद लावायच्या वेळेला लाइट जाते. डीजे गप, सगळे गप, पोरं मोबाईलची बत्ती लावतात, आणि त्या अंधारात मीच उठून निरोप्याला पाठवतो. माझा आवाज तेल न घातलेल्या लूमसारखा, सूर कुठं, ओळ कुठं. पण पोरं ऐकतात. माझं म्हणून झालं की लाइट येते.

नात लिहिता लिहिता आता थांबली. माझ्याकडं बघतेय. "आजोबा," ती बोलली, "आपला मेन स्विच त्या गोदामाच्या बाजूच्या भिंतीला हाय ना? आणि दर हळदीला तुम्ही तिकडंच खुर्ची टाकून बसता."

मी बोललो, तू लिही पुढं.